वाढत्या मुलासाठी पुढची स्नोमोबिल: माप कसं घ्यायचं

आपल्याकडे मुलांचे कपडे वाढत्या अंगाचे घेतात. बाही दुमडली, कंबरेला टाका घातला की दोन वर्षं निघतात. मिनेसोटात आल्यावर बूट, जाकीट, स्नोपँट सगळं मी याच हिशेबानं घेत आले. लेकीला १२० सीसीची छोटी स्नोमोबिल (पुढे स्की आणि मागे रबरी पट्टा, म्हणजे ट्रॅक, असलेली बर्फावरची गाडी) पुरेनाशी झाली, तेव्हा पुढची गाडीही तशीच घेतली. ती नऊ वर्षांची होती आणि गाडी होती मोठ्या माणसांची, ५०० सीसीच्या वरची, जुनी. दोन वर्षांत बसेल, असं मीच म्हटलं होतं.

पहिल्याच दिवशी गोठलेल्या तळ्यावर वळताना तिची बोटं ब्रेकच्या दांड्यापर्यंत पोचली नाहीत, आणि गाडी तिला घेऊन काठावरच्या बर्फाच्या ढिगात घुसली. ढीग मऊ होता म्हणून तिला लागलं नाही. मी धावत पोचले तेव्हा तिचा अंगठा थ्रॉटलवर, म्हणजे वेग वाढवायच्या दांड्यावर, तसाच घट्ट दाबलेला होता. घाबरलं की माणूस मूठ आवळतो. स्नोमोबिलचा थ्रॉटल उजव्या अंगठ्याखाली असतो, त्यामुळे घाबरलेलं मूल गाडी थांबवत नाही, आणखी पळवतं. हे मला तेव्हा कळलं.

आता दोन्ही मुलांच्या मिळून चार गाड्या बदलून झाल्या आहेत. इथे नव्यानं आलेली मराठी कुटुंबं दर हिवाळ्यात मला हाच प्रश्न विचारतात, म्हणून सगळं एकदा क्रमानं लिहिते आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगायला हवी. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा, म्हणजे अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडिअॅट्रिक्सचा, सल्ला आहे की १६ वर्षांखालच्या मुलांनी स्नोमोबिल चालवूच नये. कायदा त्यापेक्षा सैल आहे आणि आम्ही कायद्याच्या बाजूनं गेलो. तुम्ही मात्र हा सल्ला माहीत असताना निर्णय घ्या. आणि घरात दोघांचं एकमत झाल्याशिवाय मुलाला शोरूममध्ये नेऊ नका.

१. जुनी गाडी खरंच लहान झाली आहे का?

गाडी लहान झाल्याच्या खुणा अंगावर दिसतात. हँडलबार वळवताना तो गुडघ्याला लागतो. उभं राहून चालवताना मूल कमरेत वाकतं. ताज्या भुसभुशीत बर्फात गाडी त्याच्या वजनानं रुतते आणि थ्रॉटल पूर्ण दाबूनही पुढे सरकत नाही. यातल्या दोन खुणा दिसल्या, तर पुढचं वाचा.

'हळू चालते', 'कंटाळा येतो', 'शेजारच्याकडे मोठी आहे' या मात्र खुणा नाहीत. १२० च्या गाड्यांचा वेग कंपनीनंच ताशी ८ ते १० मैलांच्या आसपास बांधलेला असतो. इथला सापळा असा की कुणीतरी ओळखीचा सांगतो, 'वेग बांधणारा गव्हर्नर काढून टाका, मस्त पळेल.' अजिबात काढू नका. त्या गाडीचा ब्रेक, स्की, सस्पेन्शन सगळं त्या कमी वेगासाठीच बनवलेलं असतं. वेग वाढला तरी थांबण्याची ताकद तेवढीच राहते.

कंटाळ्यावर आमच्याकडे दुसरा उपाय लागू पडला. तळ्याच्या काठाशी प्लास्टिकचे सहा शंकू मांडले आणि इंग्रजी आठाच्या आकारात, मग उलट दिशेनं, मग उभं राहून चालवायला सांगितलं. त्यावर धाकट्याचा एक आख्खा हिवाळा निघाला. फक्त गुडघेच लागत असतील, तर हँडलबार उंच करणारा ठोकळा बसवूनही वर्षभर भागतं.

२. मधल्या पायऱ्या ओळखून ठेवा

खूप जणांना वाटतं, एक लहान मुलांची गाडी असते आणि एक मोठ्यांची. पूर्वी जवळपास तसंच होतं. इथल्याच थीफ रिव्हर फॉल्स गावच्या आर्क्टिक कॅट कंपनीनं १९७० च्या दशकात किटी कॅट नावाची ६० सीसीची इवलीशी गाडी आणली. तिच्यावर शिकलेली माणसं आज आजोबा झाली आहेत. तिच्यानंतर मूल थेट मोठ्या गाडीवर बसायचं. आता मधे पायऱ्या आहेत आणि त्या न गाळणं, हेच या सगळ्या खटाटोपाचं सार आहे.

पहिली पायरी १२० ची. एका सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन, दोरी ओढून सुरू करायचं, वजन साधारण दीडशे पौंड. पोलारिस, स्की-डू, आर्क्टिक कॅट, यामाहा या सगळ्यांच्या या मापाच्या गाड्या आहेत आणि त्यांच्यात फारसा फरक नाही. आपल्या गावाजवळ ज्याची दुरुस्ती होते ती घ्यावी.

दुसरी पायरी २०० ची. आर्क्टिक कॅटची झेडआर २०० आणि यामाहाची स्नोस्कूट या २०१८ च्या मॉडेलपासून आल्या आणि मुलांच्या गाड्यांमधली मोठी फट भरली गेली. या दोघी जवळजवळ जुळ्या आहेत. ताकद सुमारे ९ हॉर्सपॉवर, बांधा १२० पेक्षा लांब, सीट उंच, आणि सस्पेन्शन नावापुरतं नाही तर खरंच काम करणारं. स्की-डूचीही २०० ची गाडी आहे. १२० मधून बाहेर पडणाऱ्या बहुतेक मुलांची पुढची गाडी हीच. यामाहानं २०२५ च्या मॉडेलनंतर स्नोमोबिल बनवणं थांबवलं आहे. त्यामुळे जुनी स्नोस्कूट घेणार असाल, तर सुटे भाग किती दिवसांत मिळतात हे जवळच्या डीलरला आधी विचारा.

तिसरी पायरी मधल्या मापाची, किशोरवयातल्या आणि कमी उंचीच्या चालकांसाठी. पोलारिसची इंडी इव्हो २०२० च्या मॉडेलपासून आली. तिला ५५० सीसीचं पंख्यानं थंड होणारं टू-स्ट्रोक इंजिन आहे, सीट बुटकी आहे आणि वेग ताशी ५० मैलांच्या आसपास बांधलेला आहे. स्की-डूच्या निओचं इंजिन ६०० चं असलं तरी ताकद मुद्दाम ४० हॉर्सपॉवरवर ठेवली आहे. निओ प्लस ५५ ची. आर्क्टिक कॅटची ब्लास्ट दिसायला याच मापाची आहे, पण तिच्या सुमारे ४०० सीसीच्या इंजिनाची (कंपनी त्याला '४०००' म्हणते) ताकद ६५ हॉर्सपॉवर आहे. लहान दिसते म्हणून ती लहान समजू नका.

खरी उडी इथे आहे. २०० वरून तिसऱ्या पायरीवर जाताना ताकद ९ वरून ४० किंवा त्याच्याही वर जाते, म्हणजे चौपटीहून जास्त. १२० वरून २०० वर जाणं त्यामानानं सोपं. म्हणून २०० ची गाडी एक हिवाळा जास्त राहिली तरी चालेल, पण ती गाळू नका. मी नेमकी तीच गाळली होती.

चौथी पायरी मोठ्या माणसांची गाडी. हिचं कोरडं, म्हणजे पेट्रोल-तेल न भरता, वजनच साडेचारशे पौंड किंवा त्याहून जास्त असतं. मऊ बर्फात ती आडवी झाली तर मला एकटीला उचलता येत नाही. बारा वर्षांच्या मुलाला कुठून येणार?

इंजिन कशानं थंड होतं हेही विचारा. पाण्यानं थंड होणाऱ्या गाडीला ट्रॅकनं उडवलेला सैल बर्फ लागतो. नुसत्या कडक बर्फावर हळूहळू चकरा मारल्या की ती तापते, आणि शिकणारी मुलं नेमक्या तशाच चकरा मारतात. पंख्याच्या इंजिनाला ही अडचण तितकीशी येत नाही.

३. मुलाला गाडीवर बसवून माप घ्या

वय आणि उंचीचे तक्ते सुरुवातीला उपयोगी पडतात, पण निर्णय गाडीवर बसवूनच करायचा. आणि बसवायचं ते पूर्ण कपड्यांत: हेल्मेट, जाड जाकीट, स्नोपँट, बूट आणि रोजचे हातमोजे. शोरूममध्ये टीशर्टवर बसलेल्या मुलाची बोटं जिथे पोचतात, तिथे हातमोज्यातली पोचत नाहीत. आमची चूक झाली ती इथेच. मार्चच्या उन्हात, उघड्या हातानं तिला बसवून पाहिलं होतं.

पहिल्यांदा ब्रेक बघा, बाकी सगळं नंतर. डावा हात मुठीवर ठेवून, मनगट न हलवता, निदान दोन बोटांचं पहिलं पेर ब्रेकच्या दांड्यावर वळलं पाहिजे. नुसती टोकं टेकली तर गाडी मोठी आहे. काही गाड्यांत हा दांडा जवळ आणता येतो. तसं असेल तर आणून पुन्हा बघा. मग दांडा पूर्ण दाबायला सांगा आणि तसाच धरून सावकाश वीस आकडे म्हणायला लावा. बाराच्या आसपास हात थरथरायला लागला, तर उतारावर काय होईल ते तुम्हाला कळलं.

मग पाय. बसल्यावर दोन्ही तळवे पायठाणावर सपाट टेकायला हवेत आणि गुडघ्यात बाक राहायला हवा. उभं राहिल्यावर सीट आणि बूड यांच्यात तुमची वीतभर फट दिसली पाहिजे. उंचवट्यावरून जाताना मूल उभं राहून पायांवर धक्का घेतं. फट नसेल तर तो धक्का पाठीच्या कण्यात जातो.

हँडलबार एका बाजूला पूर्ण वळवायला सांगा. बाहेरच्या बाजूचा हात मुठीवरून सुटला किंवा त्यासाठी खांदा पुढे ओढावा लागला, तर ही गाडी अजून त्याची नाही. तसंच, स्नोमोबिल नुसत्या हँडलबारनं वळत नाही, तिला अंगानं वळवावं लागतं. आतल्या बाजूला झुकल्यावर सीटवरून सरकता येतं का, बाहेरचा पाय पायठाण सोडत नाही ना, हे दोन्ही बाजूंनी बघा.

राहिल्या दोन लहान परीक्षा. समोरच्या काचेवरून त्याला दहा-बारा फुटांवरची जमीन दिसली पाहिजे, म्हणून तिथे एक हातमोजा टाका आणि दिसतो का विचारा. आणि डोळे मिटून किल स्विच, म्हणजे इंजिन झटकन बंद करायचं बटण, दाबायला सांगा. तो अंदाजानं सापडायला हवा.

एवढ्या परीक्षांत एकच नापास झाली आणि तीही ब्रेक सोडून, तर डीलरशी बोलून काय जुळवता येतं ते बघा. ब्रेकची नापास झाली तर घरी या.

४. अंग वाढलं, पण समज?

माझ्या दोन मुलांत सगळ्यात जास्त फरक इथे होता. थोरली अंगानं उशिरा तयार झाली, डोक्यानं लवकर. धाकटा अकराव्या वर्षीच तिच्याएवढा झाला, पण पुढच्या गाडीचा मागचा दिवा दिसला की त्याला त्याच्या पुढे जायचंच असायचं. त्याला मी पुढची गाडी एक वर्ष उशिरा दिली. तो रुसला. गाडी तरीही दिली नाही.

जुन्या गाडीवर हे करून बघा. तुम्ही हात वर केलात की दर वेळी, वाद न घालता, तो थांबतो का? दिवसभरात दहापैकी दहा वेळा हवं, नऊ नको. पुढच्या गाडीपासून ठरवलेलं अंतर तो अर्धा तास टिकवतो का? दमल्यावर स्वतःहून 'बास' म्हणतो का? आणि सुरू करण्याआधी थ्रॉटल दाबून सोडल्यावर झटक्यानं परत येतो का, हे तो न सांगता तपासतो का? बर्फ अडकून थ्रॉटल गोठला तर तो परत येत नाही, म्हणून ही सवय लहान गाडीवरच लागायला हवी.

५. मिनेसोटाचे नियम

गाडी घेण्याआधी नियम बघायचं कारण साधं आहे. कायद्यानं जिथे चालवता येणार नाही, तिथल्यासाठी मोठी गाडी घेऊन उपयोग काय?

१२ वर्षांखालच्या मुलाला सरकारी जमिनीवर किंवा तळ्यावर चालवायची असेल, तर पालक किंवा पालकांनी नेमलेली १८ वर्षांवरची व्यक्ती सोबत हवी. १४ वर्षांखालच्या मुलानं हायवे किंवा काउंटीचा रस्ता गाडी चालवत ओलांडायचा नाही. त्यामुळे ट्रेलवर, म्हणजे स्नोमोबिलसाठी आखलेल्या वाटेवर, रस्ते लागत असतील तर तिथे काय करणार, ते आधीच ठरवा. १८ वर्षांपर्यंत हेल्मेट सक्तीचं आहे. सरकारी जमिनीवर आणि तळ्यांवर वेगाची मर्यादा ताशी ५० मैल.

सुरक्षितता प्रमाणपत्राचा अभ्यासक्रम वयाच्या ११ व्या वर्षापासून करता येतो, प्रमाणपत्र लागू होतं १२ पूर्ण झाल्यावर. ११ ते १५ वर्षांच्या मुलांना ऑनलाइन अभ्यासाशिवाय मैदानावर गाडी चालवून दाखवायचा एक दिवसही असतो. त्या दिवसाच्या जागा लवकर भरतात, म्हणून पानं गळायला लागली की नाव नोंदवून टाका. आणि हे प्रमाणपत्र तुम्हालाही लागतं बरं का: ३१ डिसेंबर १९७६ नंतर जन्मलेल्या प्रत्येकाला. मी ते लेकीबरोबरच केलं. एका टेबलावर बसून अभ्यास केल्यानं 'आई सांगते' याऐवजी 'पुस्तकात आहे' असं झालं, आणि पुढची बरीच भांडणं वाचली.

दुसऱ्या राज्यात किंवा कॅनडात असाल तर तिथलेच नियम बघा. उदाहरणार्थ, ऑन्टारियोत ट्रेलवर चालवायला किमान १२ वर्षं आणि परवाना लागतो, आणि रस्ता ओलांडायला १६ वर्षं.

६. जुनी घेताना

मुलांच्या गाड्या दोन-तीन हिवाळे वापरून विकल्या जातात, त्यामुळे चांगली जुनी गाडी सहज मिळते. बघायला जाताना 'आधी सुरू करून ठेवू नका' असं विक्रेत्याला सांगा आणि पोचल्यावर इंजिनाला हात लावून ते गार असल्याची खात्री करा. गरम इंजिन कुणाचंही सुरू होतं.

उन्हाळाभर टाकीत पेट्रोल राहिलं की कार्ब्युरेटरची बारीक छिद्रं चिकटतात. चोक दिल्याशिवाय इंजिन चालतच नसेल, तर बहुधा तेच झालेलं असतं. हे दुरुस्त होतं, पण किमतीतून वजा करा. स्कीखालच्या धातूच्या पट्ट्या झिजलेल्या असतील तर हँडलबार वळवला तरी गाडी सरळ जाते, आणि मुलाला वाटतं आपल्यालाच जमत नाही. ट्रॅकच्या रबराला चिरा, चालवताना खडखड, ब्रेकचा दांडा मुठीला टेकेपर्यंत सैल, हे सगळं बघा. टेदर, म्हणजे चालकाच्या कपड्यांना अडकवायची दोरी, ओढून इंजिन बंद होतं का ते स्वतः करून बघा. आणि 'वेग वाढवण्यासाठी काही बदल केलेत का' हे सरळ विचारा. मुलांच्या गाड्यांत ते फार केलेलं असतं.

मोठी गाडी स्वस्तात मिळते आहे म्हणून पायरी गाळू नका. मधल्या मापाच्या गाड्या जुन्या झाल्या तरी त्यांना गिऱ्हाईक असतं. विकताना बरेच पैसे परत येतात.

७. बरोबर काय न्यायचं

गाडी बघायला जाताना: मोजपट्टी, विजेरी, मुलाचे सगळे कपडे आणि हेल्मेट, आणि मूल.

व्यवहाराच्या वेळी: विक्रेत्याच्या सहीचं नोंदणीपत्र, दोघांच्या सह्यांची तारीख आणि किंमत लिहिलेली विक्रीपावती, तुमचं ओळखपत्र. नोंदणीपत्रावरचा क्रमांक गाडीच्या सांगाड्यावर कोरलेल्या क्रमांकाशी अंकन्अंक जुळवा आणि मगच पैसे द्या. नोंदणी राज्याच्या नैसर्गिक संसाधन खात्याकडे, म्हणजे डीएनआरकडे होते. ती लगेच आपल्या नावावर करून घ्या.

हेल्मेट जुन्या गाडीबरोबर फुकट मिळालं तरी वापरू नका. त्यानं आधी किती मार खाल्लाय ते दिसत नाही. आणि हेल्मेट तर वाढत्या अंगाचं कधीच घेऊ नये. ते आजच्याच डोक्याला घट्ट बसायला हवं.

८. घरी आणल्यावर गाडी मुलाला जुळवा

कारखान्यातून आलेलं सस्पेन्शन सहसा मुलाच्या वजनाला कडक असतं. हलकं मूल बसलं की मागचा भाग दबतच नाही, प्रत्येक खड्ड्यात गाडी उसळते आणि मूल सीटवर आपटतं. स्प्रिंग सगळ्यात मऊ खाचेवर आणा आणि मूल बसल्यावर मागचा भाग थोडा खाली जातो का बघा. हँडलबार जवळ फिरवून घ्या, ब्रेकचा दांडा आत आणा. टू-स्ट्रोक गाडी असेल तर तेलाची वेगळी टाकी असते. १२० आणि २०० मध्ये ती नसल्यानं नवीन माणूस हमखास विसरतो.

वेग आणि ताकद कमी ठेवणारी शिकाऊ किल्ली मिळत असेल, जशी स्की-डूच्या बऱ्याच गाड्यांना मिळते, तर घ्या. आणि पूर्ण वेगाची किल्ली घरात कुठे ठेवता ते मुलाला कळू देऊ नका.

९. पहिले चार आठवडे

पहिला दिवस मोकळ्या, सपाट, झाडं नसलेल्या जागी. तळं असेल तर आधी बर्फाची जाडी भोक पाडून मोजा. स्नोमोबिलसाठी किती इंच स्वच्छ, कडक बर्फ हवा, ते डीएनआरच्या ताज्या तक्त्यात बघा. पांढरट, बर्फवृष्टीचा थर गोठून झालेला बर्फ कमकुवत असतो, तिथे जाडी दुप्पट हवी. एका जागी मोजून थांबू नका. ओढा तळ्याला मिळतो तिथे बर्फ पातळ असतो.

पहिल्या दिवशी वेगाचं नावही काढू नका. फक्त निघणं आणि थांबणं, वीस वेळा. नवी गाडी थांबायला किती जागा घेते, हे त्याच्या अंगात बसलं पाहिजे. दुसऱ्या दिवशी वळणं. ट्रेल दुसऱ्या आठवड्यात, तीही अंधार पडायच्या आत परतता येईल एवढीच. तुमची गाडी पुढे, मूल मागे, आणि तिसरं मोठं माणूस मिळालं तर ते सगळ्यात मागे. थंडीनं अंगठा बधिर झाला की थ्रॉटलवरचा ताबा जातो, म्हणून वीस-पंचवीस मिनिटांनी थांबून हातमोजे काढायला लावा आणि बोटं हलवून घ्या.

या चार आठवड्यांत जुनी गाडी विकू नका. तिसऱ्या दिवशी लेक म्हणाली, 'आई, आज छोटीच घेऊ?' आणि त्यानंतर दोन आठवडे तिनं मोठीला हात लावला नाही. मग एका सकाळी स्वतःच जाऊन मोठीवरचं झाकण काढलं. तसंही जुनीला चांगली किंमत येते ती ऑक्टोबर-नोव्हेंबरात, पहिल्या बर्फाच्या तोंडावर. तोवर तिची टाकी रिकामी करून, ट्रॅक जमिनीपासून उचलून, गॅरेजच्या कोपऱ्यात ठेवून द्या.